गाळलेले वाक्य

निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे वर्तमानपत्राच्या घडीतून रंगीत पत्रके गळू लागतात, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नाही. बहुतेक घरांत ती पत्रके रद्दीत जातात, किंवा डब्यांच्या तळाशी घालण्याच्या उपयोगी पडतात. आमच्या घरी मात्र एक जुनी चाल आहे. रात्रीची जेवणे आटोपली की कोणी तरी एकाने ते पत्रक मोठ्याने वाचावयाचे व बाकीच्यांनी ऐकावयाचे. छत्तीस वर्षे शाळेत वाचन घेण्यात गेल्यामुळे ही खोड आम्हांस लागली, आणि घरातील मंडळी ती सोसून घेतात, असे म्हटले तरी चालेल.

२०२४ च्या नोव्हेंबर महिन्यात महाराष्ट्राच्या विधानसभेची निवडणूक होती. वाचनाचे काम त्या खेपेस आमच्या थोरल्या नातीकडे आले होते. तिला त्याच वर्षी अठरा वर्षे पूर्ण झाली होती आणि पहिलेच मत द्यावयाचे होते. पत्रक आमच्या मतदारसंघातील एका उमेदवाराचे होते. त्याचे नाव व पक्ष सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. अकरा कलमे होती व प्रत्येक कलमात एकेक प्रश्न घेऊन त्यावर उमेदवाराने आपले मत दिले होते. पाणीपुरवठ्याचे कलम निघाले तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी मान डोलावली. रस्ते व वाहतूक यांचे कलम थोरल्या चिरंजीवांनी पुन्हा वाचावयास लाविले. शाळांच्या शुल्काचे कलम धाकट्या सूनबाईंनी लक्षपूर्वक ऐकले. वृद्धांच्या औषधोपचाराविषयीचे कलम ऐकताना आम्हीही जरा सावरून बसलो, हे कबूल केले पाहिजे.

आठवे कलम असे होते की, घरकाम करणाऱ्या स्त्रियांस आठवड्याची एक सुटी व किमान वेतन मिळावे, यासाठी आपण कायद्याचा आग्रह धरू. त्या दिवशी घरी पाहुणे येऊन गेल्यामुळे भांडी घासणाऱ्या मावशी उशिरापर्यंत थांबल्या होत्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो क्षणभर थांबला. नातीने वाक्य संपविले, आणि कोणी काही बोलावयाच्या आत आम्हीच म्हणालो, “बरे, पुढचे वाच.”

तिने पुढचे वाचले. भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. घरात कोणाच्याही ध्यानात काही आले नाही. आम्हांस मात्र त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही; कारण उमेदवाराच्या पत्रकातील एक वाक्य आमच्या घराण्यात पूर्वीही एकदा असेच गाळले गेले होते, आणि ती हकीकत आमच्या वडिलांनी त्यांच्या शेवटच्या आजारपणात आम्हांस सांगितली होती. आजचा लेख त्या जुन्या पत्रकाविषयी आहे.

ते पत्रक १९३७ सालचे. १९३५ च्या कायद्याने प्रांतांस स्वायत्तता मिळाली व तदनुसार १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. जागा १७५ होत्या. आजच्यासारखा प्रौढ मताधिकार तेव्हा नव्हता. शेतसारा, घरभाडे, शिक्षण अशा अटींतून जो पार पडेल त्यासच मत. या निवडणुकीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये ‘स्वतंत्र मजूर पक्ष’ स्थापन केला आणि ते स्वतः मुंबई शहरातील भायखळा-परळ या भागातून उभे राहिले. त्यांच्या विरुद्ध काँग्रेसने पी. बाळू म्हणजे बाळू पालवणकर यांस उभे केले होते. १९११ साली इंग्लंडला गेलेल्या हिंदी क्रिकेट संघातील हे नामांकित गोलंदाज, आणि तेही अस्पृश्य मानलेल्या समाजातूनच आलेले. तेव्हा सामना सोपा नव्हता. डॉ. आंबेडकरांस १३,२४५ व पालवणकरांस ११,२२५ मते पडली. पक्षाने सतरा जागा लढविल्या व त्यांतील बहुतेक जिंकल्या. निवडून आलेल्यांत अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस व शामराव परुळेकर हे स्पृश्य गणलेल्या समाजातील तिघेही होते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते.

आता त्या पक्षाच्या कार्यक्रमात काय होते ते पाहू. आम्ही शाळेत असता तर्काचे पाच अवयव मुलांस सांगत असू: प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा; धूर दिसतो हा हेतु. मराठीत प्रतिज्ञा या शब्दाचा अर्थ वचन असा झाला आहे आणि निवडणुकीच्या पत्रकांत या अर्थाच्या प्रतिज्ञा मुबलक असतात. परंतु शास्त्रातील प्रतिज्ञा ही अजून सिद्ध व्हावयाची गोष्ट असते आणि तिच्या पाठोपाठ हेतु यावा लागतो. जे पत्रक ‘अमुक करू’ एवढेच म्हणते, ते पर्वताकडे बोट दाखविते, धूर दाखवीत नाही.

स्वतंत्र मजूर पक्षाच्या कार्यक्रमाचे वैशिष्ट्य हे की, त्यात हेतु होता. शेतकऱ्याचे दारिद्र्य घालवू, एवढ्यावर तो थांबला नव्हता. जमिनीचे होत गेलेले तुकडे आणि जमिनीवर पडलेला लोकसंख्येचा भार हे त्या दारिद्र्याचे मुख्य कारण आहे, असे निदान त्यात केले होते. निदानातून उपाय निघाला होता: जुने उद्योगधंदे सावरावयाचे, नवे काढावयाचे, त्यांत माणसे जावीत म्हणून तांत्रिक शिक्षणाचा प्रसार करावयाचा, आणि लोकहितास आवश्यक तेथे उद्योग सरकारने स्वतःच्या मालकीचे करून चालवावयाचे. शेतावर राहणाऱ्यांसाठी भू-तारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था व मालाच्या विक्रीच्या संस्था. गिरणीकामगारांसाठी कामाच्या तासांची मर्यादा, पुरेसे वेतन, पगारी रजा, नोकरीवर घेण्याचे व काढण्याचे नियम, आजार, अपघात व बेकारी यांसाठी विमा, आणि स्वस्त व आरोग्यकारक घरे. खेड्यांसाठी स्वच्छता, सभागृह, वाचनालय आणि गावोगाव फिरणारा चित्रपटही! ज्या प्रांतात खेड्यापाड्यांतून पिण्याच्या पाण्याची मारामार होती, तेथे वाचनालयाची आठवण ठेवणारा उमेदवार आम्हां मास्तर लोकांस आवडावा, यात नवल नाही.

आणि या सगळ्यांच्या मध्ये एक वाक्य होते. खोत व तालुकदार यांच्या जुलमी वसुलीपासून आणि जमिनीवरून हुसकले जाण्यापासून कुळांचे कायद्याने रक्षण करू, अशा आशयाचे. आमची कथा या वाक्याची आहे.

आमच्या तरुण वाचकांस खोत हा शब्द गोष्टीकादंबऱ्यांतून ठाऊक असेल. साने गुरुजींचे घराणे पालगडचे खोत होते, हेही पुष्कळांनी वाचलेले असते. परंतु खोती म्हणजे नेमके काय, हे आता घरोघर सांगावे लागते. रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत सरकार आणि शेत कसणारा यांच्या मध्ये खोत असे. गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची. आणि त्या बदल्यात कुळांकडून तो आपला हिस्सा घेई. भातशेतीत हा हिस्सा पुष्कळ ठिकाणी अर्धेल असे, म्हणजे पिकाचा निम्मा भाग. काही जमिनींवर तिर्धेल, म्हणजे तिसरा भाग. हक्क वंशपरंपरेने चाले, भाऊबंदांत पाळ्या पडत. खोताच्या घरची लग्नकार्ये, शाकारणी, पालखी उचलणे, यांसाठी कुळांनी बिनमोल राबावे, ही वेठही सोबत आली होती. १८८० साली या पद्धतीस कायद्याची चौकट मिळाली, पण मूळ रचना तशीच राहिली. कुलाबा जिल्ह्यात अलिबागेजवळच्या चरी गावापासून १९३३ साली कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेते न कसण्याचा जो संप सुरू केला तो सुमारे सहा वर्षे चालला, यावरून लोक किती टेकीस आले होते याची कल्पना यावी. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते, कायस्थ व मुसलमानही होते. आमचे घर त्यांतील एक.

आमचे आजोबा, ज्यांस सारा गाव आबा म्हणे, ते दुष्ट नव्हते. त्यांनी कोणावर हात उगारल्याचे कोणी सांगत नाही. घरात चौदा माणसे, दोन विधवा आत्या, धाकटे काका पुण्यास शिकावयास ठेवलेले, आणि भाऊबंदांशी चाललेला दिवाणी दावा. या सर्वांचा खर्च अर्धेलीच्या भातावर चाले. आजोबांचे ओझे खरे होते, आणि ते ज्यांच्या पाठीवर ठेविलेले होते त्या पाठीही खऱ्या होत्या.

१९३७ च्या जानेवारीत एके दिवशी तिसऱ्या प्रहरी आमचे एक कूळ अंगणात येऊन उभे राहिले. त्याचा धाकटा भाऊ परळास गिरणीत होता. कोकणातील किती तरी घरांची हीच विभागणी होती: एक भाऊ खोताच्या शेतावर आणि दुसरा मालकाच्या मागावर. त्या भावाने मुंबईहून येणाऱ्या कोणाबरोबर एक छापील कागद पाठविला होता. कुळास अक्षरओळख नव्हती. गावात कोणाचेही पत्र आले की ते वाचून दाखविण्याचे काम आबांचे. त्या सवयीने तो कागदही त्याने पडवीच्या कडेवर ठेविला आणि यात आमच्याविषयी काय लिहिले आहे तेवढे वाचून दाखवावे, अशी आपल्या बोलीत विनंती केली.

आबांनी चष्मा लाविला व कागद वाचावयास घेतला. आमचे वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते व आबांच्या मांडीशी बसून अक्षरांखालून बोट फिरवीत होते. आबांनी बँकांचे वाचले, सहकारी संस्थांचे वाचले, गिरणीतील तासांचे वाचले, विम्याचे समजावून सांगितले, वाचनालयाच्या ठिकाणी जरा हसलेही. खोतांचे वाक्य आले तेथे त्यांचा आवाज अडखळला नाही. ते सरळ पुढच्या वाक्यावर गेले.

वडील म्हणाले, “आबा, एक ओळ राहिली.”

आबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि आतून पाण्याचा तांब्या घेऊन ये म्हणून सांगितले. वडील तांब्या घेऊन परत आले तेव्हा कूळ कागदाची घडी करीत होते. त्याने काहीही विचारले नाही. तोच कागद त्याने पुढल्या आठवड्यात बाजाराच्या गावी दुसऱ्या कोणाकडून वाचवून घेतला, हे मागाहून कळले. त्या दिवसानंतर आमच्या पडवीवर त्याने एकही पत्र वाचावयास आणले नाही. पुढे भावाच्या आजारपणाचे पत्र आले, तेही घेऊन तो पाच मैल चालत गेला, पण आमच्या अंगणात आला नाही. वडील सांगत की, आबांस या गोष्टीचे फार लागले. परंतु ते त्याविषयी कधी बोलले नाहीत, आणि घरात कोणी विचारलेही नाही.

आता त्या वाक्याचे पुढे काय झाले? वाचकांपैकी कोणी म्हणेल की, उमेदवाराचे वचन ते; निवडणूक संपली, वचन संपले. तसे झाले नाही. १९३७ च्या सप्टेंबरात कायदेमंडळाचे अधिवेशन पुण्यास भरले असता, १७ तारखेस डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतांस वाजवी भरपाई देऊन त्यांचा मधला हक्क काढून टाकावा व कसणाऱ्यास जमिनीवर थेट हक्क मिळावा, असा त्याचा आशय होता. महार वतन नष्ट करण्याचे विधेयकही त्यांनी त्याच अधिवेशनात आणले. मत मागतेवेळी जे बोलले ते सात महिन्यांच्या आत कायद्याच्या भाषेत लिहून सभागृहासमोर ठेविले. तर्काच्या परिभाषेत बोलावयाचे तर, हा उपनय झाला: सर्वसाधारण सिद्धान्त प्रस्तुत प्रकरणास लावून दाखविणे.

परंतु निगमन त्यांच्या हाती नव्हते. सभागृहात त्यांचा पक्ष लहान होता. मंत्रिमंडळ काँग्रेसचे, मुख्य मंत्री बाळ गंगाधर खेर. विरोधी बाकावरील सभासदाचे विधेयक सरकारच्या मनात असल्यावाचून पुढे सरकत नाही, हे तेव्हाही खरे होते व आजही आहे. १९३८ च्या १० जानेवारीस हजारो शेतकरी मुंबईस जमून कायदेमंडळावर चालून गेले. तरीही विधेयक तसेच पडून राहिले. त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणिले. कामगाराच्या संपाच्या हक्कास त्याने बाध येतो, म्हणून डॉ. आंबेडकरांनी त्यास सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी इतर कामगार पुढाऱ्यांसमवेत मुंबईत एक दिवसाचा संपही केला. विधेयक मंजूर झाले. हरणे दिसत असतानाही मत न बदलणे, ही उमेदवाराच्या मताची दुसरी कसोटी होय. जिंकताना मत टिकविणे फार कठीण नसते.

आणि निगमन? ते आले, पण बारा वर्षांनी. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ चा. तो १९५० साली अमलात आला. त्या वेळी मुख्य मंत्री पुन्हा खेरच होते, आणि डॉ. आंबेडकर दिल्लीस कायदेमंत्री होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली. आजारपणाच्या विम्याचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ साली. महार वतनासह खालच्या दर्जाची गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली आला. १९३७ च्या त्या कागदावरील एकेक वाक्य असे निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या सालांत, कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले.

आमचे घर या सर्वांत बुडाले काय? नाही. अर्धेल थांबली तेव्हा दोन वर्षे ओढाताण झाली. आबांनी दावा सोडून दिला, जो तसाही सोडावयाचाच होता. काकांस पुण्यास नोकरी लागली, वडील शिक्षक झाले, त्यांच्या मागून आम्हीही झालो. शिकलेल्या घरास जमीन गेल्यावरही पाय ठेवावयास जागा असते. परंतु ते शिक्षण ज्या भातावर झाले, ते भात ज्याच्या खळ्यातून आले, त्याच्या मुलांस ती जागा मिळावयास आणखी एक पिढी लागली. हा हिशेब आम्ही कोणास लाजविण्यासाठी मांडीत नाही. आमच्याच घरचा आहे म्हणून मांडतो.

आता आपल्या दारातील पत्रकाकडे वळू. ते कसे वाचावे, याविषयी शाळामास्तराच्या सवयीने दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, उमेदवार ज्या सभेसाठी उभा आहे तिच्या हातात ती बाब आहे काय, हे पाहावे. आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती, जमिनीचे हक्क व स्थानिक स्वराज्य संस्था ही राज्याच्या यादीत. संरक्षण, रेल्वे व शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर ही केंद्राच्या यादीत. कामगारकल्याण हे समवर्ती यादीत, आणि शिक्षण १९७६ च्या घटनादुरुस्तीने त्याच यादीत गेले. विधानसभेचा उमेदवार आयकर कमी करण्याची भाषा करू लागला, तर त्यास नम्रपणे विचारावे की, आपण कोणत्या सभेस निघाला आहात?

दुसरी गोष्ट, पैशाची. २०२४ च्या त्या निवडणुकीत एका आघाडीने स्त्रियांस दरमहा मिळणारे १,५०० रुपये २,१०० करण्याचे वचन दिले, तर दुसरीने ३,००० रुपयांचे. गरीब घरातील स्त्रीच्या हाती स्वतःचे चार पैसे यावेत, यास आमचा विरोध नाही. १,५०० रुपयांचे मोल ज्याच्या घरी नसते त्यानेच त्यावर विनोद करावा. परंतु आमच्या दारी आलेल्या पत्रकांत हा पैसा कोठून येईल, कोणता खर्च कमी होईल, याचे एक वाक्यही नव्हते. हेतुवाचून प्रतिज्ञा, ती हीच.

तिसरी गोष्ट, उमेदवार आपल्याविषयी काय सांगतो ती. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांपासून प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण व आपल्यावरील फौजदारी खटले शपथपत्रावर द्यावे लागतात, आणि ते कोणासही पाहता येते. रंगीत पत्रकाच्या शेजारी हे साधे शपथपत्र ठेवून वाचावे. आमच्या आजोबांच्या काळी ही सोय नव्हती.

परंतु या तिन्ही कसोट्या उमेदवाराच्या आहेत. चौथी कसोटी वाचणाऱ्याची, आणि आमच्यासारख्या घरांत ती बहुधा लावली जात नाही. पत्रकात आपणांस काय मिळणार, हे वाक्य सर्वांस चटकन् सापडते. आपणांकडून काय मागितले आहे, कोणाचे आपण देणे लागतो, हे ज्यात असते ते वाक्य डोळ्यांपुढून सहज निघून जाते. आबांस ते दिसले आणि त्यांनी गाळले; आम्हांस ते ऐकू आले आणि आम्ही ‘पुढचे वाच’ म्हणालो. आबांच्या पुढे निदान अर्ध्या पिकाचा प्रश्न होता. आमच्यापुढे आठवड्यातील एका दिवसाच्या भांड्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या, तेव्हा नातीस सांगून आम्ही ते पत्रक पुन्हा काढविले व आठवे कलम त्यांस वाचून दाखविण्यास सांगितले. मावशी आमच्याकडे सतरा वर्षे आहेत. त्यांनी हात पुसून ते ऐकले, आणि एकच प्रश्न केला: सुटी मिळाली तर त्या दिवसाचा पगार कापणार की नाही? नातीने कलम पुन्हा वाचले. सुटी पगारी की बिनपगारी, हे त्यात लिहिलेले नव्हते. अकरा कलमे आम्ही सर्वांनी ऐकली होती आणि हा प्रश्न आमच्यापैकी एकासही सुचला नव्हता. ज्याच्या अंगावरचे वाक्य आहे त्यासच त्यातील भोक दिसते, हे त्या दिवशी आम्ही एका निरक्षर बाईंकडून शिकलो.

घरात त्यावर बोलणे झाले. ते सर्व गोड झाले असे नाही. रविवार हाच आमचा सुटीचा दिवस, त्याच दिवशी पाहुणे येतात, असे सौभाग्यवतींचे म्हणणे. आणि मग ती भांडी शेवटी आम्हांलाच घासावी लागणार, असे थोरल्या सूनबाईंचे. त्यांचे म्हणणे योग्य होते, कारण सुटीचा भार एका स्त्रीवरून दुसरीवर गेला तर त्यास सुटी म्हणता येणार नाही. अखेर असे ठरले की, रविवारी मावशींनी येऊ नये, पगार पूर्ण द्यावा, आणि त्या दिवशी भांडी घरातील पुरुषांनी घासावीत. पहिल्या महिन्यात आमच्या हातून दोन कपबशा फुटल्या. आता सवय झाली आहे.

मावशींचा प्रश्न नातीने त्या उमेदवारास पत्राने कळविला. मतदान २० तारखेस झाले. आमच्या घरातील सात मते कोणकोणास पडली, हे आम्ही विचारले नाही. त्याच केंद्रावर, त्याच रांगेत, मावशींनीही मत दिले, आणि त्यांच्या मताचे वजन आमच्या मताइतकेच होते. नातीच्या पत्राचे उत्तर अजून आलेले नाही. ती पुन्हा एक पत्र लिहिणार आहे, आणि पाठविण्यापूर्वी ते मावशींस वाचून दाखवावे, संपूर्ण वाचून दाखवावे, एवढे आम्ही तिला सांगून ठेविले आहे.